मानशीची फळी

आमच्या चोडणात मानस म्हणजे मन नव्हे.
मानस म्हणजे बांधातलं दार,
चिऱ्याच्या दोन भिंती, मधे मत्तीच्या लाकडाची फळी.
भरतीला खाडीच तिला दाबून मिटते,
ओहोटीला शेतातलं पाणी आतून ढकलतं.
आपा तिचा राखणदार.
वर्षाला दोन खंडी कोरगुट, लिलावातून उरलेली सुंगटं,
आणि रात्री-अपरात्री कंदील घेऊन
खेकड्यांची भोकं बुजवत फिरणं.

पुढं कधीतरी वर्गात सरांनी
फळ्यावर पेशीचा पापुद्रा काढला,
त्यात एक प्रथिन: सोडियमला अडवणारं, सोडणारं.
सगळे उतरवून घेत होते.
मी वहीत बिजागरी काढली.
आणि खाली, चिखलात, एक खेकडा.

मग एकवीस वर्षं.
सकाळची फेरीबोट, रायबंदर, जुन्या गोव्यातली संस्था.
भाताची चाळीस कोटी अक्षरं,
त्यातल्या वीस अक्षरांचा पत्ता लिहून द्यायचा,
कात्री तिथं जाते.
बहुधा जाते.
एका वर्षी भलत्याच जागी गेली:
रोपं उंच, हिरवीगार, बघत राहावीत अशी,
आणि लोंबी सगळी पोचट.
रेमेडियोसनं वहीत तारीख घातली, पुढं काही लिहिलं नाही.
चवथीच्या दिवसांत वीज गेली, उणे ऐंशीचा फ्रीझर रडायला लागला,
आम्ही पणजीच्या मासळी बाजारातून बर्फ आणला,
उपयोगाचा नाही हे ठाऊक असून.
नमुन्यांच्या पेट्यांना महिनाभर बांगड्याचा वास.

बोटीत कुस्तोदियो विचारायचा,
"बाय, तुझा तो भात केला तर
पेजेत मीठ घालायला नको, काय?"
मी हसायचे.
एकदा नाही हसले, तर त्यानं तिकिटाचे पैसे घेतले नाहीत.

ट्रे क्रमांक एकोणचाळीस. चौथी पिढी.
खाऱ्या पाण्यात चौदा दिवस, आणि सात रोपं उभी.
कुणाला फोन करावा सुचेना.
संध्याकाळी आपाच्या कानाशी ओरडून सांगितलं.
"किती अक्षरं बदललीस?"
"एक."
बराच वेळ ते छताकडे बघत राहिले.
मग करंगळीचं नख दाखवलं:
"फळीला एवढं भोक पडलं, तर शेत जातं."
हे कौतुक होतं की नाही,
विचारायचं राहिलं. पुढच्या पौषात ते गेले.

चाचणीच्या अर्जात जागेचा रकाना होता.
मी आमच्याच खाजनाचा सर्व्हे नंबर लिहिला.
परवानगी यायला तीन वर्षं लागली;
तोवर बार्जांच्या लाटांनी बांध पोखरला,
भोकं बुजवायला कुणी नाही,
गावकरी अर्धे स्विंडनला, अर्धे कोर्टात.
एका अमावास्येला खाडी आत आली
आणि परत गेलीच नाही.

समिती आली, चकचकीत बुटांत.
"शेत कुठं आहे?"
मी तिवरांकडं बोट केलं.
एक पान तोडून त्यातल्या सगळ्यात तरुणाला म्हटलं, चाट.
त्यानं रुमालानं पुसून चाटलं.
खारट, म्हणाला, नि अहवालात
'जागा अनुपयुक्त' लिहिलं. बरोबरच लिहिलं.

आता निवृत्तीला आठ महिने.
दोनशे अकरा दाणे, एका पाकिटात, शीतकपाटात.
तिवरं मी तोडणार नाही, तोडूही नये;
पण वरच्या अंगाला एक कुणगा अजून कोरडा आहे,
शिमग्यापर्यंत नवा बांध होईल, चिखल आहे, सहा माणसं आहेत.
रविवारी गाळातून जुनी फळी उपसून काढली,
अंगणात धुतली, सुताराला बोलावलं.
वामन म्हणाला, मत्ती आता मिळत नाही,
फणस चालेल?

चालेल, म्हटलं.
मापं तेवढी हिचीच घे.