डेडस्टॉक रजिस्टर

मोहखेड्याच्या ग्रामीण रुग्णालयात
सोळा वर्षं मी भांडार सांभाळतो.
पान एक्केचाळीस : क्ष-किरण यंत्र, एक नग.
स्थिती : पेटीबंद.

पेटीचं उद्घाटन मात्र दोनदा झालं.
आधी आमदारांनी केलं, यंत्र त्यांच्या प्रयत्नांतून आलं म्हणून.
आठ दिवसांनी जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांनी,
पत्रव्यवहार त्यांचा होता म्हणून.
दोन्ही वेळा कात्री मीच दिली, ड्रेसिंग रूममधली,
आणि दोन्ही वेळा हात पुढे करून परत मागितली.
यंत्राला थ्री फेज लागतो. थ्री फेजला डीपी.
डीपी मंजूर झाली, आलीही,
ती पलीकडच्या टोल्यावर बसली,
माजी सभापतींच्या जिनिंगला लागून.
तंत्रज्ञाचं पद रिक्त.
पेटीतल्या पेंढ्यात मांजर तीनदा व्यायली,
त्याची नोंद नाही. पिल्लं शासकीय नव्हती.

मार्चची एकोणतीस तारीख. तीन लाख चाळीस हजार पडून.
एकतीसला परत जातील,
आणि परत गेलेला पैसा पुढल्या वर्षी वाट विसरतो.
रुग्ण कल्याण समिती बसली. तर्रीपोहे आले.
डॉक्टर वट्टी म्हणाल्या, सापाचं इंजेक्शन,
आणि लेबर रूमला इन्व्हर्टर.
नाही कोणीच म्हणालं नाही.
फक्त इन्व्हर्टरला तीन कोटेशन लागतात,
आणि पडद्यांची तीन कोटेशनं तयार होती,
तिन्हींत 'किंमत'ची वेलांटी चुकलेली.
मग दोन तास रंगावर.
भगवा नको, निळा तर नकोच,
हिरव्याच्या नावानं एकजण खुर्ची सारून उठला.
शेवटी राखाडी ठरला, तो कुणाचाच नव्हता.
पडदे नव्वद.
खिडक्या मी मोजल्या होत्या. सतरा.

प्रत्येक पडद्याच्या काठावर मी शाईनं लिहिलं :
मो. ग्रा. रु., आणि क्रमांक.
माझं अक्षर चांगलं आहे, असं साहेबही म्हणतात.

जुलैत एका रात्री लाईन गेली.
धुलाईवाल्याचं बिल सात महिने अडलेलं,
म्हणून चादरी त्याच्याच घरी.
आत कोलारीची सुगंधा पेंदोर,
चौकीदार चिंधूजी दाराकडे तोंड करून
मोबाईलचा उजेड पाठीमागे धरून उभे.
सिस्टर गेडाम ओरडल्या,
"बाबू, कपडा आन! काही बी आन, पन कोरा आन!"
मी भांडाराचं कुलूप काढलं.
मागणीपत्र नव्हतं, मंजुरी नव्हती, सही नव्हती.
वर हाताला लागला तो नेला.
थोड्या वेळानं आतून जो आवाज आला
तो मी आजवर कोणत्याच रकान्यात बसवू शकलो नाही.

लेखापरीक्षणात आक्षेप निघाला :
'पडदा, एक नग कमी. खुलासा करावा.'
पेटीवर आक्षेप नाही.
गठ्ठ्यातल्या बहात्तर पडद्यांवर आक्षेप नाही.
बडेबाबू म्हणाले, लिहून टाका उंदरांनी कुरतडला,
निर्लेखित करू, मिटला विषय.
मी चार मसुदे केले. उंदीर काही उतरेना.

चार वर्षं तो कागद फिरतो आहे.

परवा सोमवारी पेंदोरांची पोट्टी आली,
मोहाच्या झाडावरून पडलेली.
कोपर सुजून वांग्यासारखं.
डॉक्टरांनी बोटांनी चाचपलं, चिठ्ठी लिहिली :
एक्स-रेकरिता चंद्रपूर.
गाडीची वाट पाहत ती पेटीवरच बसली,
तेवढीच जागा मोकळी असते आमच्या व्हरांड्यात.
टाचा लाकडावर आपटत राहिली, ठक, ठक.
आतून मांजर बाहेर आलं, तर रडता रडता थांबली,
म्हणाली, "हे इथं राह्यते का?"

सुगंधानं तिचा हात गळ्यात बांधला होता,
धुऊन धुऊन पातळ झालेल्या राखाडी फडक्यात.
काठावर माझं अक्षर. पुसट, तरी वाचता येईल असं :
मो. ग्रा. रु., तेवीस.

मी आत गेलो. रजिस्टर काढलं.
लिहिलं : नग आढळून आला.
स्थिती : वापरात.

बाहेर ठक, ठक सुरूच होती.
गाडी यायची होती अजून.