माशी

खंडेनवमीच्या आदल्या रात्री
आमच्या टेबलावर दोन माश्या असतात.

एक दादांची, एकनळीच्या टोकाशी,
पितळेची, ज्वारीच्या दाण्याहून लहान.
दुसरी माझी, गळावर बांधलेली:
शकूर मुलाण्याच्या तांबड्या कोंबड्याच्या मानेचं पीस,
शिंप्याकडचा काळा रेशमी दोरा,
वर नेलपॉलिशचा एक थेंब.

दादा नळीत गज घालतात.
जुन्या धोतराची चिंधी, तिच्यावर शिवणयंत्राचं तेल.
पहिली चिंधी काळी निघते, दुसरी करडी,
तिसरी जवळजवळ धोतराच्याच रंगाची.
मग नळी दिव्यासमोर धरून
विहिरीत डोकवावं तसे आत बघतात
आणि म्हणतात, "बघ कुंदे, चंद्र."
मी बघते. पलीकडे चाळीसचा बल्ब असतो.
मी म्हणते, "हाय की."

परवान्यावर लिहिलंय: पीक संरक्षणार्थ.
निवडणूक आली की ती पाटणच्या ठाण्यात जमा होते,
दस्त्याला चिठ्ठी बांधून.
दादा पावती घेऊन एस्टीनं मोरगिरीला येतात,
आणि दोन-तीन दिवस
हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नाही.

यंदा ओढ्याकडचं इंद्रायणी डुकरांनी लोळवलं.
यंदा नळी पुसून झाली तरी
दादा माशीकडे बघत बसले.
चंचीतला चुना बोटावर घेतला,
पितळेवर ठिपका दिला.
"अंधारात दिसंना आताशा," म्हणाले.
डोक्यावर बल्ब जळत होता.
मी माझ्या गळाचा काटा कानशीनं घासत राहिले,
मासा सुटताना फाटू नये म्हणून.
यावर ते दरवर्षी विचारतात,
"सोडायचा तर धरायचा कशाला?"
या वर्षी विचारलं नाही.

पूजेला बंदूक पाटावर. शेजारी माझी काठी.
दोघींना हळदीकुंकू, दोघींना झेंडू.
दादा म्हणतात, नेम दोन असतात,
एक धरायचा, एक पाळायचा.

रात्री माळ्यावर दोघं बसलो.
नवमीचा चंद्र बुडाल्यावर भात हललं.
खालून चिखलाचा आणि कुजक्या कंदाचा वास आला.
दादांनी घोडा ओढला, दस्ता गालाला लावला,
डावा डोळा मिटला. मग उजवा.
मग दोन्ही उघडले.
"कुठायत गं?"
एक मोठं, पाठीवरचे केस उभे,
आणि मागं चार, बांधापासून वीस पावलांवर.
मी म्हणाले, "वर."
"वर?"
"अजून जरा वर."

बार आभाळात गेला.
डुकरं निघाली, फार घाई न करता,
बाजार आटोपून माणसं निघतात तशी.
दादांनी रिकामं काडतूस काढून हुंगलं
आणि खिशात ठेवलं.
"लागलं न्हाई," एवढंच.
मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही.

सकाळी मोरणेच्या डोहावर मला ते आपणहून आले.
खडकावर टॉवेल टाकून बसले.
रात्रीत मी नवी माशी बांधली होती,
बगळ्याच्या पडल्या पिसाची, पांढरीफेक.
या पाण्यात असली माशी कुठला मासा खाईल
मला ठाऊक नव्हतं.
दोर मागं गेला, हवेत सरळ झाला;
तिथं थांबायचं असतं एक श्वासभर.
ते थांबणं चापावर बोट ठेवून
दादांनीच शिकवलेलं, मी नऊ वर्षांची असताना.
माशी पडली. पाणी मोडलंही नाही.

"ती बघ," दादा म्हणाले,
"उंबराच्या सावलीकडं चालली."
मी वळून त्यांच्याकडे बघितलं.
बोट नेमकं माशीवर.

तेवढ्यात खडस आला असणार.
मला फक्त आवाज ऐकू आला, ओली पोळी उलटावी तसा,
आणि काठी एकदा वाकून सैल पडली.
"गेला की गं! कुठं बघत होतीस?"

दोर ओढून घेतला. पीस भिजून चिकटलं होतं,
त्याला फुंकर मारली, पुन्हा मारली.
दादांनी चंची उघडली, डबी झटकली,
तळाला बोट घासलं.
चुना संपला होता.