आयत्या वेळचा विषय

विट्याच्या अलीकडं आमचं गाव, नगरपालिका मात्र स्वतःची.
तिथं एकवीस वर्षं मी सभांचं इतिवृत्त लिहितो.
खरं सांगायचं तर आदल्या रात्रीच लिहितो:
सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर.
नावं तेवढी आलटून पालटून.
सकाळी सभा माझ्या अक्षराला गाठायला येते
आणि गाठतेच. सतरा विषय, नऊ मिनिटं,
चहा निवायच्या आत.

प्रेक्षकांसाठी सज्जा आहे. नियमात आहे, नकाशातही आहे.
सज्ज्यात जुन्या मतपेट्या, तीन पायांच्या खुर्च्या.
किल्ली कुणाकडं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

परवा हाजरा मुलाणी आली.
कांडी मशीनवर असते, केसांत सुताची लव तशीच.
"सभा बघायचीया."
शिपाई हसला, "शिनुमा हाय व्हय?"
"शिनुमाला तिकीट लागतंय."

विषयपत्रिका फळ्यावर लावलीय, मी म्हणालो.
फळा काचेत, काच कुलपात.
"वाचली की मागल्या खेपंला, काचंला नाक लावून.
आमच्या गल्लीची गटार न्हवती त्यात.
मग मंजूर कशी झाली?"
आयत्या वेळचा विषय होता.
"गटार काय सकाळी उगवली?"

किल्ली सापडली नाही.
ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली.
आतून दार लोटलं,
तिनं फटीत चप्पल सारली.
माझ्याकडं बघून म्हणाली,
"माग चालू असला की नुसत्या आवाजावर कळतंय
धागा कुठं तुटलाय.
हितनं आवाजच भाईर येत न्हाई."

विषय सहा. त्याच गटारीचं बिल.
सूचक बोलले, अनुमोदक उठता उठता
चपलेकडं बघत राहिले.
पंखा ऐकू येत होता.
मग शहाजी गुरसाळे, चार वर्षांत जे जांभईपलीकडं
तोंड उघडले नव्हते, म्हणाले,
"पण गटार झालीया का?"

कुणालाच माहीत नव्हतं.
माझ्या पानावर ती रात्रीच मंजूर झाली होती.

संध्याकाळी ते पान फाडलं. पुन्हा लिहायला बसलो,
आणि हात अडखळला:
घडलेलं लिहायची सवय नाही त्याला.
हजर सदस्य अठरा, गैरहजर तीन.
तिच्यासाठी रकाना नव्हता.
समासात लिहिलं, दारात एक चप्पल.

पेन्सिलीनं लिहिलंय.
खोडरबर ड्रॉवरमध्ये आहे, अजून.