कुठंतरी पाणी मुरतंय

बेनाहूरच्या पाटावर मी एकोणतीस वर्षं पाटकरी.
सिएरा नेवादाचा बर्फ मे महिन्यात सुटला
की फावडं खांद्यावर घेऊन चालायला लागायचं
पाण्याच्या पुढं दोन पावलं,
वाळका पाला, मेलेली खार,
पोरांनी फेकलेला एखादा बूट उपसत.
पाट मातीचा. खापरपणज्याच्याही आधीचा.
वर शंभर सोडलं तर टोकाला साठ पोचायचं.
उरलेलं कुठं जातं, कुणी विचारलं नव्हतं.
चेस्टनटची झाडं तेवढी
पाटाच्या खालच्या अंगालाच वाढायची.

मग खोऱ्याच्या कचेरीतून इन्येस आली.
पोरगी गुणाची, चांगल्या बुटांनिशी चिखलात उतरली,
आठवडाभर दोऱ्या लावून मोजत बसली.
म्हणाली, "कास्तो, शंभरातले चाळीस!
कुठंतरी पाणी मुरतंय."
आकडा वाचत होती ती.
मी मात्र उगाच खिसे चाचपले.

पाईप आला. काळा, कमरेएवढा.
खोटं कशाला बोलू?
पहिल्याच ऑगस्टात लाझारोच्या वाफ्याला पाणी लागलं.
टोकाचा वाफा. याच पाळीसाठी त्याच्या बापानं
माझ्या बापाच्या डोक्यात कंदील घातला होता.
घेवडा असा लगडला
की लाझारोच्या बायकोनं टोपलीभर दारात आणून ठेवला,
हाकही न मारता.
आणि मी रात्री झोपू लागलो. एकोणतीस वर्षांनी.

वाचलेलं पाणी मात्र
वाचलेलं असं कुठं दिसेना.
नदीला कुणी दिलं नाही.
वरच्या उतारावर, बदामाच्या कोरडवाहू रानात,
आवोकाडोची रोपं उभी राहिली,
प्रत्येकाच्या बुडाशी एक नळी, एक थेंब,
मोजून मापून, कागदावर चोख.
पूर्वी सांडायचो, ते खाली कुणाला तरी सापडायचं.
आता थेंबही सांडत नाही.

तिसऱ्या वर्षी ऑब्दुलिया डोंगर चढून आली.
खालच्या गावची, ऐंशी ओलांडलेली,
हातात रिकामा कॅन.
त्यांच्या चौकातल्या झऱ्याला तीन तोंडं.
दोन सुकली होती, तिसऱ्याला
झोपलेल्या माणसाच्या ओठांवर असते तेवढी ओल.
भांडली नाही. विचारलं,
"तुमच्याकडं यंदा बर्फ कमी पडला का?"

तेव्हा सापडले मला ते चाळीस.
सात आठवडे डोंगराच्या पोटातून, काळोखातून
चालत जायचे तिच्या घागरीपर्यंत.
आम्ही गळती म्हणायचो.
ती पाळी होती तिची.
वहीत नाव नव्हतं, एवढंच.

सभेत मांडलं.
लाझारो उठला: "म्हणजे माझा घेवडा वाळवायचा?"
त्याचंही खरंच होतं. मी टेबलाकडं बघत राहिलो.
इन्येस म्हणाली, खाली बोअर घेता येईल.
"कशातलं पाणी उपसायला?" ऑब्दुलियाच्या नातवानं विचारलं.
आवोकाडोवाले सभेला आलेच नव्हते.
कुणीतरी कॉफी आणली.

हल्ली बुधवारी रात्री
मी जुन्या पाटाकडची झडप चार आटे सैल करतो.
पाणी आधी बिचकतं,
मग ओळख पटल्यासारखं दगडांत शिरतं.
पहाटेपर्यंत तिथंच बसतो.
झोप गेली ती गेलीच.

लाझारो म्हणतो, कडेचे वेल पिवळे पडलेत.
मी म्हणतो, कीड असेल.
वाक्य तोंडातून जाताना दाताला लागतं.
टोपली अजून माझ्याकडंच आहे, परत केलेली नाही.

काल इन्येस मीटरपुढं उभी होती,
चष्मा कपाळावर ढकललेला,
बराच वेळ.
"कास्तो," ती म्हणाली, "कुठंतरी पाणी मुरतंय."
"हं," मी म्हणालो,
आणि मनात आठवडे मोजले.
पाच झाले.