कापलेल्या फोटोतला हात

केझाया आत्याच्या बायबलात
मत्तयाच्या दहाव्या अध्यायापाशी एक फोटो आहे.
सतरा माणसं, चाकांवरची लाकडी झोपडी, मागे ओलं कुरण.
दुसऱ्या रांगेत कात्रीनं पाडलेली एक फट.

आमच्यात कुणी विचारत नाही.
आमच्यात म्हणजे... इथंच अडतं,
आम्हाला नावच नाही.
जनगणनेचा कारकून एनिस्किलनहून आला
तेव्हा बाबांनी धर्माचा रकाना कोरा ठेवायला लावला
आणि त्याला भांडंभर ताक दिलं.

ते दोघे सायकलींवरून आले, एकोणीसशे तीनच्या मार्चात.
नेहेमाया क्रोझियर आणि ॲम्ब्रोज नेस्बिट.
थैली नाही, झोळी नाही, बदलायला अंगरखा नाही.
क्रोझियरच्या बुटांत वर्तमानपत्राच्या घड्या होत्या,
आत्या सांगे, तिनंच त्या पीटच्या विस्तवापाशी वाळवल्या,
एकीवर घोड्यांच्या लिलावाची जाहिरात होती.

रेक्टरच्या फाटकाबाहेर उभं राहून
क्रोझियरनं रेक्टरच्या पगाराचा आकडा मोठ्यानं वाचला.
लोकांनी कुत्री सोडली.
एका रात्री कुणीतरी झोपडीचे दोर कापले,
पत्रा सरकत सरकत एर्नच्या पाण्यात गेला.
बुधवारची सभा तरी झालीच,
छपराविना, धुक्यात, आणि त्या दिवशी
नऊ जण उभे राहिले.
फावड्यानं बर्फ फोडून त्यांना बाप्तिस्मा दिला.
आजोबा त्यात होते. दात वाजत होते म्हणून
त्यांना आमेन म्हणता आलं नाही.

आत्यानं शिवणयंत्र विकलं.
अंगठी विकली नाही, परत केली,
गिल्बर्ट मोफॅट कंदील घेऊन फाटकापर्यंत आला होता
आणि तिथून पुढं त्याला रस्ता नव्हता.
रेचल ऑर आणि ती, दोघी दोघी,
डोनेगल, कार्डिफ, मग ओटागोची बोट.
एक्केचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या घरातली
पाहुण्यांची खाट.
पत्रात एवढंच: इथले लोक प्रेमळ आहेत, मेंढ्या फार आहेत.
ती गेली तीही कुणाच्या तरी माजघराशेजारच्या खोलीत.
बायबल पोस्टानं आलं.

क्रोझियरचं काय झालं?
कुजबुजीत ऐकलंय.
थैलीविना निघालेल्यांच्या नावे
बँकेत खातं कसं, असं त्यानं विचारलं म्हणे.
ऑक्टोबरच्या मोठ्या सभेत तीस जण उभे राहिले,
कुणी ओरडलं नाही.
त्याला फक्त पुढच्या घराचा पत्ता दिला गेला नाही.
मग तो कुठं जेवला असेल?
घरोघरच्या फोटोंवर कात्र्या चालल्या.

आता सांगतात, हा मार्ग कुणा माणसानं काढलाच नाही,
गालिलीच्या किनाऱ्यावरून तो थेट चालत आला.
असेल.
पण आमच्या माळ्यावर आजोबांची हिशेबाची वही आहे:
खिळे, चार शिलिंग.
डांबर, एक पिंप.
क्रोझियरला बूट, उधार.
गालिलीत खिळे काय भावानं मिळत होते मला माहीत नाही.

यंदाही दोघे आले, जुन्या टोयोटातून.
धाकटा बावीसचा. जेवल्यावर न सांगता भांडी घासली,
मग दहावा अध्याय काढायला म्हणून
आत्याचं बायबल उघडलं.

फोटो पडला. त्यानं उचलला.
फट बघितली, आणि नेस्बिटच्या खांद्यावर
राहून गेलेली ती चार बोटं,
ज्यांच्यामागं माणूस नाही.
"हा हात कुणाचा?"

मोठा खिडकीतून गाई मोजत बसला.
मी म्हटलं, चहा गार होतोय.

रात्री जिना चढलो, गुडघे कुरकुरत.
त्याच्या दाराखालून
वहीतलं ते एक पान आत सरकवलं,
बुटात बसेल एवढी घडी घालून.