पिशवी

डॉक्टर म्हणाले, पिशवी काढली.
मी वाणासाठी शेकड्यानं पिशव्या शिवते,
त्यामुळे उगाच डोळ्यापुढे आली
नाडीची, खणाची, सहा बाय आठची.
रीळ टेबलावर होती, जीभ बाहेर,
डोळे उघडे आणि आत कुणीच नाही.

सेमिनरी हिल्सहून ऑटोत आणली,
आंब्याच्या पेटीत, परकराच्या घडीवर.
ऑटोवाला म्हणे, "मांजरीसाठी इतकं कायले जी, ताई?"
म्हटलं, "खड्डे पाहून चालव."

पोट भादरलेलं. त्यावर सात टाके.
धंद्याची सवय, आधी तेच पाहिले.
अंतर सारखं, ताण बरा,
पाचवा मात्र ओढलेला.
शिकाऊ पोरीनं घातला असता
तर उसवायला लावला असता.

प्लास्टिकचं नरसाळं तिनं एका रात्रीत
भिंतींना आपटून चेपवलं.
सकाळी मी तिचं माप घेतलं.
छाती तेरा, लांबी अकरा,
ब्लाउजच्या वहीत, हेडाऊबाईंच्या खाली.
मलमलचं झबलं, पाठीवर चार नाड्या,
मुंढे जरा खोल.
अस्तर नाही. मे महिना आहे.

थेट झोत नको म्हणून कूलर तिरपा केला.
हे बनियनवर घामाघूम,
"घरात पेशंट कोण, ते तरी ठरवा."
रात्री अडीचला पाहते तर
हेच वाळ्यावर पाणी मारताहेत,
तिला विचारताहेत, "बरं वाटून राहिलं का?"

गोळीचा चतकोर कुटून रश्श्यात.
गोळीबार चौकातल्या आमच्या घरात
बिनतिखटाचा रस्सा पहिल्यांदाच शिजला.
शेजारचे वासानं विचारायला आले
की कुणी आजारी आहे का.

दहा दिवस उडी नाही, जड हालचाल नाही,
डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं.
मेडिकलच्या वॉर्डात मलाही हेच सांगितलं होतं,
अकरा वर्षांपूर्वी, तोंडी.
लग्नसराई होती. सहाव्या दिवशी मशीनवर बसले.
पायडल दाबलं की आत काहीतरी ओढायचं.
माझाही पाचवा असेल.
कुणी वाईट नव्हतं घरात.
सासूबाई म्हणायच्या, "पिशवीच त काढली."
आणि मलाही तसंच वाटायचं.

मशीनचा आवाज झाला की रीळ दचकते,
उठायला बघते, पोट ताणलं जातं.
मी पट्टा उतरवून ठेवला.
निखारेबाईंना फोनवर सांगितलं,
ब्लाउज उशिरा मिळतील, घरी ऑपरेशन झालंय.
"अगं बाई, कोणाचं?"
"घरच्याच बाईचं," म्हटलं.
"काय काढलं?"
"पिशवी."

संध्याकाळी त्यांचा पोरगा डबा घेऊन आला.
मुगाची मऊ खिचडी,
तूप वेगळ्या वाटीत,
झाकणावर चिठ्ठी, पेशंटला गरमच द्या.
खरं सांगायला मी तोंड उघडलं,
तोवर पोरगा सायकलवर.

रीळनं वास घेतला, तोंड फिरवलं,
झबल्याची नाडी चावत बसली.
मी तिच्याजवळ फरशीवर बसले.
खिचडी अजून गरम होती.
तूप घातलं, सगळं.