एक बल्ब

स्लायगोत आमचं दिव्यांचं दुकान होतं.
झुंबरं, टेबललॅम्प, भिंतीवरचे पितळी हात.
भर दुपारी एकशे चाळीस दिवे लावून
आम्ही गिऱ्हाइकाची वाट बघायचो.
वीजबिल आलं की फर्गल म्हणायचा,
उजेड विकायला उजेडच जाळावा लागतो, डिम्फ्ना.
मग एके दिवशी तो तसं म्हणेनासा झाला.

दुकान गेलं, घर गेलं,
व्हॅन बँकेने ओढून नेली
(आत दोन लॅम्पशेड राहिल्या होत्या, त्याही),
तरी उरलेच एकेचाळीस हजार युरो.

लीट्रिममध्ये रस्ता संपून लव्हाळी सुरू होतात
तिथे फर्गलच्या आत्याचं घर रिकामं होतं.
दोन खोल्या. पत्रा. चुलीपाशी
जमिनीवर आत्याच्या खुर्चीचे चार खळगे.
आम्ही आमच्या खुर्च्या त्यांत बसवून पाहिल्या.
बसल्या नाहीत.

नियम फर्गलचा : घरात बल्ब एकच.
रात्रीची भांडी झाली
की फडक्यात धरून तो काढायचा
आणि निजायच्या खोलीत लावायचा.
मधली आठ पावलं काळोखाची.
तो पुढे, अंडं न्यावं तसा बल्ब घेऊन,
मी मागे, त्याच्या स्वेटरचं टोक धरून.

पहिल्या हिवाळ्यात मी चिडले.
अरे, दोन युरोला मिळतो बल्ब!
तो म्हणाला, बल्बचं नाही गं.
दुसरा दिवा असला की माणूस तो लावतो.

आठवड्याला एकशे दहा.
तो वृद्धाश्रमात भांडी घासायचा,
मी शाळेची बस पुसायचे,
सीटखाली सापडलेले रंगीत खडू परत द्यायचे,
केसांच्या पिना ठेवून घ्यायचे.
चहाची एक पुडी दोघांत, मग तीच संध्याकाळी.
बार्टलीच्या दलदलीत मे महिनाभर
ओल्या मातीच्या विटा उलथायच्या,
बदल्यात एक ट्रॉली आमची.
माती जाळून शेकत होतो आम्ही.
केसांना तिचा वास, उशीला, पावालाही.

दर गुरुवारी पतपेढीत अट्रॅक्टा
वहीवर शिक्का मारायची, मान वर न करता.
गावात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.
मान वर न करणं, एवढंच
एकमेकांना देता येतं.

तिसऱ्या वर्षी त्याच्या खिशात
लॉटरीची तिकिटं निघाली. तीन. सहा युरोंची.
मी चार दिवस बोलले नाही.
पण अबोला धरायला दुसरी खोली लागते.
उजेड एकच होता.
त्यात मी मोजे रफू करत बसले,
त्यातच तो बटाटे सोलत.
भिंतीवर माझी सावली
त्याच्या सावलीला टेकलेली,
मी स्टूल कितीही सरकवलं तरी.
पाचव्या दिवशी मीच म्हणाले,
सालं जाड काढतोयस.

सात वर्षं आणि वर नऊ आठवडे.
शेवटचा शिक्का मारून अट्रॅक्टाने
पहिल्यांदा वर पाहिलं.
निळे डोळे आहेत तिचे.
म्हणाली, वही ठेवणार की टाकणार?
आम्हा दोघांनाही सुचलं नाही काही.

येताना फर्गलने न विचारता एक बल्ब घेतला.
रात्री दोन्ही खोल्या लख्ख.
मी इथे, तो तिथे.
तिथून हाक मारून म्हणाला, काय करतेस?
काही नाही, म्हटलं. तू?
काही नाही.

तेवढ्यात दार वाजलं. बार्टली,
पायजम्यावर गमबूट, हातात टॉर्च, धापा टाकत :
दोन्ही खिडक्यांत उजेड दिसला.
म्हटलं, कोणी गेलं की काय.

त्याला चहा दिला. तिघांना तीन पुड्या.
तो गेल्यावर फर्गल झोपायला गेला.
मी मागून निघाले, हात सवयीने पुढे.
मधल्या आठ पावलांवर
फरशी दोन ठिकाणी फुटलेली आहे.
सात वर्षं आम्हाला
माहीतच नव्हतं.